शिंपीकाकांची बटणं

प्रिय आई,

‘प्रिय’ लिहावं की नाही यावर पाच मिनिटं पेन चावत बसले होते. शेवटी लिहिलं. सवय जात नाही म्हणून लिहिलंय असं समज, फार हुरळून जाऊ नकोस.

फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसलीय, असं तुला वाटेल. तर फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. दोन वाक्यं झाली की तिसऱ्याला तू मला काहीतरी काम सांगतेस, आणि मी खुळी ते करायला धावते. कागदाला तसं मध्येच कामाला जुंपता येत नाही. तेव्हा आता चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. गॅसवर काही ठेवलं असशील, आणि ठेवलं असशीलच, तर आधी बंद करून ये.

टिचकीने माझा फोन बटाट्यांबरोबर उकडला ती हकिगत तुला फोनवर सांगितली होती. तू हसलीस, आणि हसता हसता एकदम थांबून खोकायला लागलीस. त्या खोकल्याकडे मी नंतर येणार आहे. पण हकिगत मी तुला अर्धीच सांगितली होती, हसण्यापुरती. खरं तर चूक माझीच. सहाला कामावरून यायचं, सातपर्यंत जेवण तयार हवं, तुझे जावई आठच्या आत उगवत नाहीत. मग त्या एका तासासाठी पोरीच्या हातात फोन कोंबायचा आणि कांदा चिरायला घ्यायचा, असं वर्षभर चाललं होतं. साडेचार वर्षांची पोर दगडासारखी बसायची. धाकटा, दोन वर्षांचा भोपळा, तिच्या मांडीला टेकून तिच्याइतकाच दगड. मला वाटायचं, काय बाई शहाणी माझी पोरं! आणि त्या दिवशी फोनमधलं कसलंसं हत्तीचं पिल्लू मला दाखवायला टिचकी स्टुलावर चढली, हात लांब केला आणि फोन सुटला तो थेट उकळत्या पातेल्यात. तिचा हात पातेल्यापासून चार बोटांवर होता. चार बोटं, आई. फोन गेल्याचं काही वाटलं नाही. मी गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसकण मारली. त्याच संध्याकाळी ठरवलं, स्वयंपाक चालू असताना या घरात एकही स्क्रीन चालू राहणार नाही.

मग सुरू झाला तमाशा. पहिल्या दिवशी भोपळ्याने पिठाचा डबा डोक्यावर ओतून घेतला. दुसऱ्या दिवशी ताईसाहेबांनी त्याला माझ्या ओढणीने खुर्चीला बांधलं, का, तर वाघ पकडला. तिसऱ्या दिवशी मी रंगीत खडू दिले, त्यांनी भिंत रंगवली, म्हटलं रंगवू दे, तेवढ्यात भोपळा निळा खडू चावून खाताना सापडला. चौथ्या दिवशी दोघं माझ्या दोन पायांना लटकले आणि मी त्यांना तसंच ओढत सिंकपासून शेगडीपर्यंत ये-जा करत होते. पाचव्या दिवशी मी तुला फोन केला. म्हटलं, आई, रोज अकरा माणसांचे डबे, पदरात दोन पोरं, दोन खोल्या, घरात टीव्हीसुद्धा नाही. तू केलंस तरी कसं? तू म्हणालीस, अगं त्यात काय एवढं, थांब, तुला एक वस्तूच पाठवते.

ती वस्तू शनिवारी सकाळी आली. बिस्किटांचा तो निळा पत्र्याचा डबा. पार्सल फोडायच्या आधीच मी ओळखला, हलवल्यावर जो खळखळाट झाला त्यावरून. शिंपीकाकांची बटणं! मी अशी किंचाळले की टिचकी आतून पळत आली, आईला विंचूबिंचू चावला की काय म्हणून. झाकण उघडलं तर सगळी तीच. निळी, पांढरी, कोटाची मोठी तपकिरी, शिंपल्याची चकचकीत, आणि सगळ्यात खाली ते लाल, एका कडेचा टवका उडालेलं. मला किती आनंद झाला होता ते तुला सांगूनही पटायचं नाही. आणि झाकणाच्या आत चिकटवलेली तुझी चिठ्ठी, कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली.

ती चिठ्ठी तुझ्या लक्षात असेल की नाही कोण जाणे, म्हणून जशीच्या तशी उतरवते. मोठीला जमिनीवर बसव, शेगडीकडे पाठ करून. अंड्यांचा रिकामा ट्रे दे, आधी रंगवार लावायला सांग, मग आकारवार, मग दोन भोकांची वेगळी आणि चार भोकांची वेगळी. कुणाचं तरी घाईचं काम आहे असं सांग, नुसता खेळ म्हटलंस तर दहा मिनिटांत उठेल. धाकट्याला बटणं अजिबात नको, गिळेल. त्याला झाकणं आणि लाकडी चमचा. दुसऱ्या दिवशी पोरं आंघोळीला गेली की सगळी परत मिसळून ठेव.

शेवटची ओळ मी तीनदा वाचली. आई, ती लिहिताना तू एक गोष्ट साफ विसरलीस. मला हे माहीत नव्हतं.

मला माहीत होतं ते असं, की जिन्याखालच्या दुकानातल्या शिंपीकाकांच्या बटणांचा रोज गोंधळ होतो, त्यांना चष्म्यातूनही नीट दिसत नाही, आणि ती बटणं दुपारपर्यंत लावून मिळाली नाहीत तर लोकांना उघड्या शर्टाने ऑफिसात जावं लागेल. तू मला असंच सांगितलं होतंस. मी चार वर्षांची होते, माझा तुझ्या शब्दावर विश्वास होता. तू त्या दोन शेगड्यांमध्ये घामाने थबथबलेली, अकरा डबे ओळीने उघडे, आणि खाली फरशीवर मी, शेगडीकडे पाठ करून. आपला बोका, माझा धाकटा भाऊ, तेव्हा दीड वर्षाचा, कोपऱ्यात झाकणं बडवत बसलेला. मी त्याच्यावर ओरडायचे, की इथे कामं चाललीत, आवाज नको. त्यावरून तर तू माझं नाव मुकादम ठेवलंस. काम झालं की ट्रे हातात धरून मी तुझ्याबरोबर जिना उतरायचे, शिंपीकाका मशीन थांबवून उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, आला का माल, मुकादमबाई, वाचवलंत हो आज. म्हणजे तेही सामील! त्या माणसाने माझ्यासमोर एकदा रुमालाने डोळेसुद्धा पुसले होते. नाटकात जायला हवं होतं त्यांनी.

रस्त्यात मी लोकांचे शर्ट बघायचे. ते निळं माझं, ते पांढरं माझं. एकदा बसमध्ये एका जाड्या गृहस्थाचं पोटावरचं बटण मी बोट लावून तपासलं होतं, तू किती ओशाळली होतीस. आणि ते टवका उडालेलं लाल बटण! ते दर दुसऱ्या दिवशी डब्यात परत दिसायचं. मी तुला विचारलं, हे पुन्हा कसं आलं? पापणी न हलवता तू म्हणालीस, गिऱ्हाइकाला आवडलं नाही, परत पाठवलं. मला त्या बटणाची इतकी दया यायची. मी त्याला रोज पहिल्या खणात ठेवायचे, की निदान आज तरी कुणी घेईल.

तू म्हणशील, लहानपणच्या गमतीवर कुणी रुसतं का? अगं, माझ्यासाठी ती गंमत नव्हतीच. माझ्या सगळ्या आयुष्याचा पाया होता तो. शाळेत निबंध लिहिला, ‘माझं पहिलं काम’. औषधभांडाराच्या मुलाखतीत त्या बाईंनी विचारलं, वर्गवारीच्या कामाचा काही अनुभव? मी म्हटलं, वयाच्या चौथ्या वर्षापासून. बटणांची सगळी गोष्ट सांगितली, सगळे हसले आणि मला घेतलं. आजही नवीन मुलगी कामाला लागली की मी तिला तेच सांगते, की मी चार वर्षांची असताना लोकांचे शर्ट माझ्यावर अडलेले असायचे. आता काय सांगू? की माझी आई रोज सकाळी माझं काम मोडून ठेवायची आणि मी रोज नव्याने करायचे?

तरी मी आधी हसले, खोटं कशाला बोलू. चिठ्ठी हातात घेऊन एकटीच हसत होते. म्हटलं, काय बाई आहे ही, चांगली दोन वर्षं मला गुंडाळलं! आणि हसता हसता माझी नजर जेवणाच्या टेबलाकडे गेली. टेबलावर तुझ्या फोटोंची तीन खोकी होती.

ती खोकी येऊन अकरा आठवडे झाले. तू सांगितलं होतंस, बोक्याला घरातल्या सगळ्यांच्या फोटोंचं एक पुस्तक करायचंय, माझी आठवण आता दगा देते, तू वर्षवार लाव आणि मागे नावं लिही, घाईचं आहे आणि तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही. अकरा आठवडे, आई! दर शनिवार-रविवार. पोरांना बापाकडे सोपवून मी टेबलाशी बसत होते, भिंग घेऊन, कुणाच्या लग्नातली ही साडी, हा काका की त्याचा भाऊ. मी दोनदा म्हटलं, चार दिवस येऊन जाते, तुझ्याशेजारी बसून लावू. दोन्ही वेळा तू विचारलंस, किती झाले? आणि म्हणालीस, आधी ते पुरे कर, मग ये. आणि मी पुरे करायला बसले, नेहमीसारखी.

चिठ्ठी हातात होती म्हणून मी एक फोटो उलटा केला. मागे काहीतरी खरडल्याच्या पुसट खुणा होत्या. त्या मी आधीही पाहिल्या होत्या, आणि मला वाटलं होतं, बिचारी आई, लिहायला गेली, आठवलं नाही, सोडून दिलं. या वेळी खिडकीपाशी नेऊन तिरका धरला. साल होतं. तुझ्या अक्षरात, पेन्सिलीने लिहून खोडरबराने खोडलेलं. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्यांच्या मागे सालं होती, नावं होती, आणि सगळी खोडलेली. तू तीनशे-चारशे फोटो एकेक करून पुसलेस आणि मग तिन्ही खोक्यांत मिसळून मला पाठवलेस. खोडरबराची एक काळी वळी अजून एका खोक्याच्या तळाशी आहे, ती मी ठेवून दिलीय.

मग मी बोक्याला फोन लावला. त्याला तू शपथ घातली होतीस, ती त्याने पाळली, अगदी तीन मिनिटं पाळली. तुला माहीतच आहे, त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणी चोरून खाल्लेला बिस्किटाचा तुकडा तो आपणहून तोंड उघडून दाखवायचा. मी एवढंच विचारलं, फोटोंचं पुस्तक कधी छापून येणार? तो म्हणाला, कसलं पुस्तक? आणि मग तो रडायला लागला, एवढा बाप्या माणूस, आणि रडत रडतच त्याने सगळं सांगितलं.

छातीतली गाठ. दहा आठवड्यांपूर्वी ऑपरेशन, म्हणजे खोकी निघाली त्याच्या पुढच्याच आठवड्यात. मग सलाइनमधून औषध, दर तीन आठवड्यांनी. दोनदा झालं, तिसरं या शुक्रवारी. दुपारी फोन केला की आई झोपलीय असं बोका सांगायचा, आणि मी त्याला हसायचे, की आपली आई आणि दुपारी झोपेल? केस गेले म्हणून तू व्हिडिओवर बोलणं बंद केलंस आणि मला सांगितलंस, फोनचा कॅमेरा बिघडलाय. आणि तो खोकला! तो खोकला नव्हताच. हसलं की छातीला ओढ बसत होती, म्हणून तू हसणं अर्ध्यात तोडून खोकलीस. माझ्या बटाट्यांच्या गोष्टीने तुला दुखलं, आणि मला वाटत होतं मी तुला हसवतेय.

मला काय काय झालं ते ऐक आता. पहिल्यांदा भीती वाटली. मग संताप आला, असा संताप की मी एक खोकं उचलून भिंतीवर फेकलं. टिचकी बघत राहिली. आई, मी काय काम करते तुला ठाऊक आहे ना? मी इस्पितळाच्या औषधभांडारात बसते. तुला जे औषध चढवलं जातंय ना, तशा बाटल्या मी रोज सकाळी ट्रेमध्ये लावून वरच्या मजल्यावर पाठवते. प्रत्येक बाटलीवर कुणाचं तरी नाव असतं. मी त्या नावांची काळजी घेते, तारखा तपासते, गारव्यात ठेवते, आणि घरी येऊन तुझ्या चुलत सासूबाईंचा फोटो कुठल्या सालचा यावर डोकं फोडते. बोक्याला सांगितलंस. शेजारणीला सांगितलंस, ती तुला डबा देते म्हणे, आयुष्यभर अकरा डबे भरणाऱ्या बाईला! सगळ्या जगाला माहीत, मला नाही. घरात झाकणं बडवणारा तो होता, आणि भरवशाची मी होते, असं तूच सांगायचीस ना? दगा दिलास तू मला. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती मी तुला कधीच सांगितलेली नाही. बाबांना इस्पितळात नेलं त्या सकाळची. मी सहा वर्षांची होते. बाबा कितीतरी दिवस बाहेरच्या खोलीत पडून होते, त्यांचं काहीतरी पोटाचं आहे एवढंच मला कळत होतं. त्या दिवशी मला शाळेत पाठवलं नाहीस. निळा डबा दिलास आणि वर एक काचेची बरणी, तीही बटणांनी भरलेली. म्हणालीस, बँडवाल्यांचे कोट आहेत, आज संध्याकाळी त्यांना वाजवायचंय, फार घाई आहे, मान वर करायची नाही. मी म्हटलं, काळजी करू नकोस. बाहेर पावलं वाजत होती, माणसं हळू आवाजात बोलत होती, तू पिशवी घेऊन जिना उतरून गाडी बघायला गेलीस. तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरात आले. भिंतीला धरून आले असणार. माझ्या मागे उभे राहिले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी सोनेरी बटणं मोजत होते, त्रेचाळीसवर होते. मी म्हटलं, बाबा, हलवू नका ना, चुकतं माझं. ते म्हणाले, बरं, चालू दे मुकादमबाई. आणि गेले. मी मान वर केली नाही. मला त्यांचे फक्त पाय आठवतात, एक मोजा उलटा घातलेला.

चौथ्या दिवशी ते गेले. तेव्हापासून मी स्वतःला काय समजावत आले ठाऊक आहे? कामच तसं होतं. बँडवाले अडले असते. मी बाबांकडे पाहिलं नाही ते खरं, पण उगाच नाही, माझ्या हातात कुणाचं तरी तातडीचं काम होतं आणि बाबांना ते कळलं, म्हणून तर ते चालू दे म्हणाले. एवढ्याच आधारावर मी तीस वर्षं काढली. तो आधार तू कॅलेंडरच्या पानामागे एका ओळीत काढून घेतलास. कुठलेही बँडवाले नव्हते. मी बाबांकडे पाठ केली ती काहीही कारण नसताना.

तुझी बाजू मला कळत नाही असं नाही. कळते म्हणून तर जास्त राग येतो. नवऱ्याला उचलून न्यायचंय, शेगड्या पेटलेल्या, धाकटा धावत इकडेतिकडे, आणि सहा वर्षांच्या पोरीला सांगणार तरी काय होतीस? माझ्या सबंध अंगावर भाजल्याचा एकही डाग नाही. परवा आंघोळ करताना मी मुद्दाम पाहिलं. ते तुझ्या बटणांचं देणं आहे, आणि ती चार बोटं पाहिल्यापासून मला त्याचा अर्थ जरा जास्तच कळतो. त्यामुळे त्या सकाळचं मी तुला माफ केलं. काल संध्याकाळी कांदा चिरताना केलं, म्हणजे रडण्याचा हिशेब कुणी विचारणार नाही. पण मी आता सहा वर्षांची नाही ना, आई. छत्तीस वर्षांची बाई आहे. मला आता शेगडीकडे पाठ करून बसवायचं काय कारण होतं?

हे सगळं डोक्यात घेऊन मी काल टिचकीला बटणं दिली. तुझ्या चिठ्ठीत आहे तसंच, जमिनीवर, अंड्यांचा ट्रे, भोपळ्यापुढे झाकणं. आणि कुणाचं घाईचं काम आहे ते सांगायला तोंड उघडलं, तर ते खोटं मला सांगवेना. मग मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि खरं ते सांगितलं. ही बटणं कुणाचीच नाहीत. कुणाला घाई नाही. मी विस्तवाशी काम करते तेव्हा तू जवळ आलेली मला भीती वाटते, म्हणून तू इथे बसून ही लावायचीस, आणि लावून झाली की आपण परत मिसळायची. तिने मला नीट न्याहाळलं, त्या बटाट्यांच्या दिवशी मी फरशीवर बसले होते तेव्हा न्याहाळलं होतं तसं. मग म्हणाली, मिसळताना मी मिसळणार, तू नाही. म्हटलं, बरं. चाळीस मिनिटं बसली, आई. एकदाही उठली नाही. मग दोन्ही हातांनी सगळी मिसळली, खिदळत, भोपळ्याच्या बडवण्याच्या तालावर. आणि मध्येच ते टवका उडालेलं लाल उचलून म्हणाली, हे मला आवडलं, हे मी ठेवू? इतक्या वर्षांनी त्याला गिऱ्हाईक मिळालं बघ. मी शेगडीशी उभी राहून एवढी रडले की भात लागला. मला खरं सांगितलं असतंस तरी मी बसले असते गं. तेव्हाही, आणि या वेळीही.

तर आता कशासाठी हे सगळं लिहिलं ते. हे पत्र बुधवारी तुझ्या हातात पडेल, बोका आणून देईल, त्याला रागावू नकोस. गुरुवारी दुपारच्या गाडीने मी येतेय, पोरांना घेऊन. रजा टाकलीय, तुझे जावई रविवारी येतील. येऊ नकोस, पैसे वाया, पोरांचे हाल, फोटो राहिले, यातलं एक अक्षरही मला ऐकायचं नाही. फोटोंची खोकी मी तशीच अर्धवट घेऊन येतेय. त्यावरची सालं तुला आठवतात, तूच लिही. मी आले की तुझं स्वयंपाकघर माझं. तू टिचकीशेजारी बसायचंस, शेगडीकडे पाठ करून, आणि ती सांगेल तशी बटणं लावायचीस; ती फार कडक आहे, आधीच सांगून ठेवते. आणि शुक्रवारी इस्पितळात तुझ्याबरोबर मी येणार आहे, बोका पोरांना सांभाळेल. तिथे मला चहा आणायला पाठवू नकोस, कागदांची रांग लावायला पाठवू नकोस, कुणाला फोन करायला सांगू नकोस. ते औषध चढत असेल तेवढा सगळा वेळ मी तुझ्यासमोर खुर्ची घेऊन बसणार आहे, हातात काहीही न घेता, आणि तुझ्याकडे बघणार आहे.

या वेळी मान वर केलेली,
तुझीच,
मुकादम